वेबसाइट पुढे कोण सांभाळणार? धंद्यासाठी ओपन सोर्स सीएमएस निवडताना

५ जानेवारी २०२५ रोजी वेबसाइट चालवणाऱ्या ड्रुपल ७ या सॉफ्टवेअरला मिळणारी अधिकृत देखभाल थांबली. ते आलं होतं ५ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे बरोबर चौदा वर्षांपूर्वी. मधल्या काळात विद्यापीठांनी, सरकारी खात्यांनी, प्रकाशकांनी आणि असंख्य कंपन्यांनी त्यावर आपल्या वेबसाइट उभ्या केल्या. २०१५ साली ड्रुपल ८ आलं तेव्हा आतली रचना मुळापासून बदलली होती. ७ वरून ८ वर जायचं तर बटण दाबून अपडेट होत नव्हतं, साइट जवळपास नव्याने बांधावी लागत होती. बऱ्याच जणांनी ते काम पुढे ढकललं. देखभालीची मुदतही एकदा नव्हे, अनेकदा वाढवली गेली. शेवटी ती संपलीच. मग कोणी नव्या आवृत्तीवर गेलं, कोणी वर्डप्रेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, कोणी पैसे मोजून बाहेरून देखभाल विकत घेतली, आणि काही साइट तशाच उघड्या पडल्या.

यात ड्रुपल वाईट होतं असं अजिबात नाही. चौदा वर्षं सांभाळलं जाणारं सॉफ्टवेअर फार थोडं असतं. पण निवड करताना आपण काय विचारतो ते पाहा. दिसायला चांगलं आहे का, फुकट आहे का, शेजारच्या कंपनीने कोणतं घेतलंय. पाच-सात वर्षं हे कोण सांभाळणार आणि नको झालं तर आपला मजकूर घेऊन बाहेर कसं पडायचं, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते धंद्यासाठी सीएमएस निवडण्याचं सगळं सार याच दोन प्रश्नांत आहे. सोयी, रंगरूप, वेग या गोष्टी त्यानंतरच्या.

आधी सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे काय ते थोडक्यात. वेबसाइटवरचा मजकूर, म्हणजे उत्पादनांची माहिती, किंमती, बातम्या, फोटोंचे पत्ते, हे सगळं एका डेटाबेसमध्ये ठेवलेलं असतं. कोणी पान उघडलं की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम डेटाबेसमधून त्या पानाचा मजकूर काढतो, थीमच्या साच्यात बसवतो आणि तयार पान ब्राउझरकडे पाठवतो. मजकूर भरायला, बदलायला लॉगिन करून वापरायचा एक पॅनेल असतो. हा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे सीएमएस. त्यामुळे किंमत बदलायला प्रोग्रॅमर लागत नाही, ऑफिसातला कोणीही ती बदलू शकतो.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. सीएमएसचा गाभा, जादा सोयींसाठी वरून जोडलेले प्लगइन आणि रंगरूप ठरवणारी थीम हे तीन वेगवेगळे थर असतात. बहुतेक वेळा ते तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात आणि वेगवेगळ्या वेगाने जुने होतात. गाभा ताजा असूनही एक जुनं प्लगइन अख्खी साइट पाडू शकतं. पुढची बरीच दुखणी इथूनच सुरू होतात.

ओपन सोर्समध्ये मिळतं काय?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जुमला ही तिन्ही सीएमएस जीपीएल या परवान्याखाली येतात. हा परवाना चार हक्क देतो. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरा, त्याचा कोड वाचा, हवा तसा बदला, आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला द्या. स्वतःच्या साइटपुरते बदल केले तर ते जगाला दाखवण्याची सक्ती नाही. ती अट बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटताना लागू होते.

परवाना शुल्क नाही हे सगळ्यांना आवडतं, पण धंद्याच्या दृष्टीने मोठा हक्क आहे तो निघून जाण्याचा. आज ज्या एजन्सीकडे काम दिलंय तिच्याशी बिनसलं तर तोच कोड घेऊन उद्या दुसरी एजन्सी काम पुढे नेऊ शकते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच हात वर केले तरीही मार्ग बंद होत नाही. हे नुसतं पुस्तकी नाही, वर्डप्रेसचा जन्मच असा झालाय. बी-टू नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर होतं. २००२च्या शेवटी त्याचा मूळ लेखक दिसेनासा झाला आणि काम थांबलं. कोड जीपीएलखाली असल्यामुळे मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तो उचलला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस नावाने पहिली आवृत्ती काढली. जुमलाचंही तसंच. मॅम्बो या सीएमएसचा कारभार कोणाच्या हाती असावा यावरून २००५ साली वाद झाला, तेव्हा त्याचे प्रमुख प्रोग्रॅमर एकत्र बाहेर पडले आणि त्याच कोडवरून त्यांनी जुमला सुरू केलं. ड्रुपल ८ची नवी रचना ज्यांना जड वाटली, त्यांच्यातल्या काहींनी ड्रुपल ७च्या कोडवरून बॅकड्रॉप हे वेगळं सीएमएस काढलं. ते आजही चालू आहे.

मात्र ओपन सोर्स म्हणून मिरवणारं सगळंच तसं नसतं, आणि आज असलेलं उद्या राहीलच असंही नाही. डायरेक्टस हे मजकूर सांभाळणारं एक उत्तम सॉफ्टवेअर आहे. २०२३ साली त्याने परवाना बदलला. वर्षाची आर्थिक उलाढाल पन्नास लाख डॉलरच्या आत असलेल्या संस्थांना ते फुकट राहिलं, त्यावरच्यांना पैसे देऊन परवाना घेणं भाग झालं. यात फसवणूक नाही, कंपनीला जगायचं असतं. पण वाढत्या धंद्याने ही अट आधी वाचायला हवी. स्ट्रॅपी या सीएमएसचा मुख्य भाग खुला आहे, तरी मोठ्या कंपन्यांसाठीच्या काही सोयींचा परवाना वेगळा आहे. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेताना त्याच्या कोडसोबतची परवान्याची फाइल कोणाकडून तरी वाचून घ्या. जाहिरातीच्या पानावर विसंबू नका.

वर्डप्रेसच्या बाबतीत एक घोळ कायम होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, जे तुम्ही कोणत्याही होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, बसवू शकता. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची होस्टिंग सेवा आहे. तिथे कोणती सोय मिळेल हे तुम्ही घेतलेल्या प्लॅनवर ठरतं. दोन्ही चांगलं, फक्त आपण काय घेतोय ते ठाऊक असावं.

कोणासाठी कोणतं?

जगातल्या एकूण वेबसाइटपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त वर्डप्रेसवर चालतात. हा आकडा लोकप्रियतेसाठी महत्त्वाचा नाही, माणसं मिळण्यासाठी महत्त्वाचा आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, नागपुरात वर्डप्रेस येणारा माणूस शोधला तर सापडतो, आणि तो सोडून गेला तर दुसराही सापडतो. या शहरांत वर्डप्रेसवाल्यांचे वर्डकॅम्प मेळावे झालेले आहेत. हॉटेल, दवाखाना, शिकवणी वर्ग, छोटा कारखाना, प्रकाशन संस्था, वास्तुविशारदाचं ऑफिस, या सगळ्यांसाठी माझं उत्तर वर्डप्रेसच असतं. छोटंसं ऑनलाइन दुकान काढायचं असेल तर त्याला वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन जोडता येतं. भारतातल्या बहुतेक पेमेंट गेटवेंची, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवांची, जोडणी त्यासाठी तयार मिळते.

ड्रुपल वेगळ्या स्वभावाचं आहे. बेल्जियमच्या ड्राइस बायतार्तने विद्यार्थी असताना ते लिहिलं आणि जानेवारी २००१ मध्ये खुलं केलं. मजकुराची बांधणी नेमकी आणि गुंतागुंतीची असते तिथे ते शोभतं. समजा तुमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे आणि तीन हजार भाग आहेत. प्रत्येकाला मापं, धातूचा प्रकार, ड्रॉइंग, चाचणीचं प्रमाणपत्र, चालणाऱ्या यंत्रांची यादी. डीलरला एक किंमत दिसावी, इतरांना दिसूच नये. माहिती गुणवत्ता विभाग भरणार, मंजूर करणार विक्रीप्रमुख, तीही तीन भाषांत. हे वर्डप्रेसमध्ये होत नाही असं नाही, पण दहा-बारा प्लगइन एकमेकांवर चढवून करावं लागतं. ड्रुपलमध्ये माहितीचे प्रकार, त्यांतली नाती, परवानग्या, मंजुरीच्या पायऱ्या आणि भाषा हे सगळं गाभ्यातच आहे. किंमत इतकीच की जाणता माणूस कमी मिळतो, महाग मिळतो, आणि सुरुवातीचं काम जास्त दिवस चालतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ड्रुपल सीएमएस या तयार संचाने सुरुवात पुष्कळ सोपी केली आहे, तरी स्वभाव तोच.

साइट मोठी असली की ड्रुपल, लहान असली की वर्डप्रेस, असा एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट २००९ साली ड्रुपलवर गेली आणि २०१७ साली वर्डप्रेसवर आली. नासाची मुख्य साइटही २०२३ मध्ये ड्रुपल सोडून वर्डप्रेसवर आली. साइटवर किती लोक येतात यापेक्षा आतल्या माहितीची गुंतागुंत किती आणि ती हाताळणारी माणसं किती, यावर निवड ठरते.

जुमला या दोघांच्या मध्ये बसतं. अनेक भाषा आणि वापरकर्त्यांच्या परवानग्या त्यात मुळातच आहेत. सॉफ्टवेअर म्हणून काही वावगं नाही, पण नव्या पिढीतले प्रोग्रॅमर तिकडे कमी वळतात. तुमच्याकडे जुमला मनापासून जाणणारा माणूस असेल तरच घ्या. जर्मन भाषेच्या पट्ट्यात टायपो-थ्री हे सीएमएस खूप चालतं. पुणे-चाकण भागातल्या एखाद्या कारखान्याची मूळ कंपनी जर्मन असेल आणि तिची साइट टायपो-थ्रीवर असेल, तर इथे वेगळं काही सुरू करण्याआधी तिकडच्यांशी बोलणं शहाणपणाचं.

वृत्तपत्रिका आणि सशुल्क सभासदत्व यांवर ज्यांचा धंदा आहे, त्यांना घोस्ट हे सीएमएस मोहात पाडतं. देखणं आहे, वेगवान आहे, नफा न कमावणारी संस्था ते चालवते. पण सभासदांकडून पैसे घेण्याची त्याची व्यवस्था स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीवर उभी आहे, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर द्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरच्या पानावर हे कुठेच ठळक दिसत नाही. थीम निवडून, मजकूर भरून झाल्यावर कळतं. आपले पैसे नेमक्या कोणत्या वाटेने येणार आहेत, ते पहिल्या दिवशी तपासावं.

हल्ली हेडलेस सीएमएसचा बोलबाला आहे. त्यात सीएमएस फक्त मजकूर साठवतं आणि मागेल त्याला देतं. तो कसा दाखवायचा ते तुमची वेबसाइट, मोबाइल अॅप किंवा दुकानातला स्क्रीन आपापलं ठरवतो. स्ट्रॅपी अशा कामासाठी आहे. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाणणाऱ्यांचं वॅगटेल हे सीएमएसही असं वापरता येतं. एकच मजकूर तीन-चार ठिकाणी दाखवायचा असेल तर हे छानच. नुसती एक वेबसाइट असेल तर मात्र सांभाळायच्या गोष्टी एकाच्या दोन होतात, हाती काहीच लागत नाही. आणि साइट पाचच पानांची असेल, वर्षातून एकदा बदलणार असेल, तर सीएमएसच नको. साधी तयार पानं ठेवा. तिथे हॅक होण्यासारखं फारसं काही उरत नाही.

रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार

१५ ऑक्टोबर २०१४ ही तारीख सीएमएस निवडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. त्या दिवशी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने ड्रुपल ७ मधली एक भयंकर त्रुटी जाहीर केली आणि सोबतच दुरुस्तीही दिली. लॉगिन न करता, नुसती एक विशिष्ट विनंती पाठवून कोणीही डेटाबेसमध्ये हवं ते करू शकत होतं. दोन आठवड्यांनी त्याच गटाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असंच धरून चालावं. दुरुस्ती वाचून हल्ला करणारे प्रोग्रॅम काही तासांत तयार झाले होते.

हे सात तास भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. आपल्याकडची सगळी ऑफिसं बंद असण्याची वेळ. ड्रुपलच्या सुरक्षा दुरुस्त्या आजही ठरवून बुधवारी येतात, आणि इथे तेव्हा रात्र असते. म्हणून ड्रुपल घेणाऱ्याने एजन्सीला पहिला प्रश्न विचारावा की बुधवारी रात्री तुमच्याकडे कोण जागं असतं. उत्तर ठाम नसेल तर ड्रुपल कितीही चांगलं असलं तरी ते त्या एजन्सीकडून घेऊ नये.

वर्डप्रेसचं दुखणं वेगळं. २०१३ मधल्या ३.७ या आवृत्तीपासून त्याच्या गाभ्यातल्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतात. त्यामुळे गाभा बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. वर्डप्रेसच्या साइट फुटतात त्या बहुतेक प्लगइनमधून. डिस्प्ले विजेट्स नावाचं एक साधंसं प्लगइन होतं, सुमारे दोन लाख साइटवर बसवलेलं. मूळ लेखकाने ते विकलं. २०१७ मध्ये नव्या मालकाने अपडेटच्या नावाखाली त्यात चोरवाट घातली आणि लोकांच्या साइटवर गुपचूप जाहिरातींची पानं दिसू लागली. ज्यांच्या साइटवर हे झालं त्यांनी अपडेट वेळेवरच केलं होतं. म्हणजे फक्त अपडेट करत राहणं पुरत नाही, प्लगइन कोणाचं आहे हेही पाहावं लागतं.

प्लगइन बसवण्याआधी शेवटचं अपडेट कधी झालं ते पाहा. वर्ष उलटून गेलं असेल तर सोडून द्या. त्याच्या मदतीच्या पानावर लोकांचे प्रश्न अनुत्तरित पडलेत का तेही दिसतं. त्यामागे एकटा माणूस आहे की कंपनी, आणि तिचं पोट कशावर भरतं, याचाही अंदाज घ्या. आणि जे काम प्लगइनशिवाय होतं त्यासाठी प्लगइन घेऊच नका. चाळीस प्लगइनची साइट म्हणजे चाळीस अनोळखी लोकांच्या हाती दिलेल्या किल्ल्या. विकत घ्यायची थीम किंवा प्लगइन कुठूनतरी फुकट उतरवून बसवण्याची सवय तर ताबडतोब बंद करायला हवी. जीपीएलमुळे अशी प्रत वाटणं कायद्यात बसूही शकतं, पण वाटणाऱ्याने आत काय घातलंय ते तुम्हाला कळणार नाही आणि पुढची अपडेटही मिळणार नाहीत.

छोट्या धंदेवाल्यांना वाटतं, आपल्या साइटवर चोरण्यासारखं काय आहे. हल्ला करणारे प्रोग्रॅम तुमचं नाव वाचून येत नाहीत, ते जुनी आवृत्ती शोधत फिरतात. आणि संपर्काच्या फॉर्ममध्ये ग्राहकांची नावं, फोन नंबर, ईमेल साठत असतातच. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी धंद्यावर टाकतो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तुमच्या होस्टिंगवर या नोंदी किती दिवस राहतात ते विचारून पाहा. स्वस्त प्लॅनमध्ये त्या फार लवकर पुसल्या जाऊ शकतात.

साइट मराठीत असेल तर

इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेक एजन्सी इंग्रजी मजकूर टाकून नमुना दाखवतात आणि मराठीचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवतं. पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा असते. इंग्रजीला ती भरपूर झाली. देवनागरी मात्र पत्त्यात सांकेतिक रूपात साठते आणि आपलं एकेक चिन्ह, मग तो काना असो, मात्रा असो की हलन्त, नऊ जागा खातं. म्हणजे साधारण बावीस चिन्हांत जागा संपते. 'महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने' असा मथळा दिला तर पत्ता 'महाराष्ट्रातील-सहकारी-सा' इथेच तुटतो. शिवाय असा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की अनेकदा टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. उपाय दोन. पत्ता हाताने रोमन लिपीत लिहायचा, किंवा मुद्दाम तीन-चार मराठी शब्दांचा ठेवायचा. पहिल्याच दिवशी नियम ठरवा. नंतर पत्ते बदलले तर जुने दुवे तुटतात.

साइटची भाषा मराठी अशीच नोंदवली आहे ना, हेही पाहा. पुष्कळ जण देवनागरी आहे म्हणून हिंदी ठेवतात. चांगले युनिकोड फॉन्ट भाषेप्रमाणे अक्षराचं वळण बदलतात, आणि मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. भाषा चुकीची नोंदवली की हिंदी वळण दिसतं. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. शोधयंत्रांना आणि अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही याच नोंदीचा आधार असतो.

जुन्या संस्थांचा खरा खर्च मात्र जुन्या मजकुरात दडलेला असतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली माहितीपत्रकं, अहवाल, दरपत्रकं म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी रोमन अक्षरांची खिचडी. ती सीएमएसमध्ये चिकटवली की अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने वाचावं लागतं. दरपत्रकात या वेळेचे पैसे वेगळे लिहिलेले नसतील, तर एजन्सीने हे काम धरलेलंच नाही. जुनी साइट हलवताना डेटाबेसची अक्षरपद्धती चुकली, तर चांगल्या युनिकोड मजकुराच्याही प्रश्नचिन्हांच्या रांगा होतात, आणि एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ मजकूर परत येत नाही. म्हणून हलवण्याआधीची प्रत काही महिने जपून ठेवावी.

मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन भाषांची साइट हवी असेल, तर ड्रुपल आणि जुमला यांच्यात ती सोय गाभ्यात आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखं प्लगइन लागतं. अशा प्लगइनवर अख्ख्या साइटची रचना उभी राहते, मागाहून ते काढून टाकणं अवघड जातं. तेव्हा निवडताना सीएमएसइतकाच विचार त्याचाही करावा.

सॉफ्टवेअरच्या मागे कोण उभं आहे

सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या जगात मोठी खळबळ झाली. मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी एंजिन ही मोठी होस्टिंग कंपनी यांच्यात ट्रेडमार्क आणि प्रकल्पाला दिल्या जाणाऱ्या योगदानावरून भांडण पेटलं. वर्डप्रेस डॉट ऑर्गने त्या कंपनीची वाट अडवली. तिच्या सर्व्हरवर असलेल्या ग्राहकांना पॅनेलमधून नेहमीसारखी प्लगइनची अपडेट मिळेनात. पुढच्या महिन्यात त्या कंपनीचं एक अतिशय लोकप्रिय प्लगइन वर्डप्रेस डॉट ऑर्गवर दुसऱ्या नावाने ताब्यात घेतलं गेलं. १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम देऊन वाट पुन्हा उघडायला लावली.

कोण बरोबर, कोण चूक हा त्यांचा प्रश्न. आपल्याला यातून जे कळतं ते असं की कोड सगळ्यांचा असला तरी अपडेट पोचवणारा सर्व्हर, नाव आणि बोधचिन्ह सगळ्यांचं नसतं. ग्राहकांच्या साइट बंद पडल्या नाहीत, कारण कोड त्यांच्याकडेच होता. अपडेट मात्र अडकली. म्हणून प्रत्येक सीएमएसच्या मागची व्यवस्था बघावी. ड्रुपलमागे ड्रुपल असोसिएशन आहे, जुमलामागे ओपन सोर्स मॅटर्स ही ना-नफा संस्था, घोस्टमागे त्यांचं फाउंडेशन. माझं मत विचाराल तर या वादानंतरही लहान धंद्यासाठी मी वर्डप्रेसच सुचवतो, कारण माणसं मिळण्याचा फायदा या जोखमीपेक्षा मोठा आहे. फक्त ज्यांच्यावर साइट उभी आहे अशा दोन-तीन प्लगइनची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि ती थेट बनवणाऱ्याकडून अपडेट करता येतात का ते एजन्सीकडून तपासून घ्या.

करारावर सही करण्याआधी

एजन्सीच्या लॅपटॉपवरचं सादरीकरण पाहून निर्णय घेऊ नका. एका स्वस्त होस्टिंगवर सीएमएस बसवून मागा आणि तुमच्या ऑफिसात रोज मजकूर भरणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्या, मालकाच्या नव्हे. तुमचीच दहा खरी पानं, मराठी मथळ्यांसह, तिने भरावीत. फोनवरून फोटो चढवावा, दर बदलावा, चुकलेला बदल मागे घ्यावा. ती अडखळली तर साइट सहा महिन्यांत जुनी होणार, कारण मग ती बदलायचंच टाळेल. त्याच चाचणीत सगळा मजकूर बाहेर काढून दाखवायला सांगा, आणि बॅकअपवरून अख्खी साइट दुसऱ्या जागी उभी करायला सांगा. बॅकअप घेतो असं सगळेच म्हणतात. तो परत लावून दाखवणारे थोडे असतात.

पैशांचा हिशेब पहिल्या वर्षाचा नको, पाच वर्षांचा मांडा. होस्टिंग, डोमेन म्हणजे साइटचं नाव, सशुल्क प्लगइनचं दरवर्षीचं नूतनीकरण, महिन्याची देखभाल, आणि मधे कधीतरी येणारी एक मोठी आवृत्तीबदल. हे मांडलं की कित्येकदा सगळ्यात स्वस्त वाटलेलं दरपत्रक सगळ्यात महाग ठरतं.

कागदपत्रांतल्या काही गोष्टी नावानिशी तपासा. डोमेनची नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवी, एजन्सीच्या नव्हे. होस्टिंगचं खातं तुमचं हवं आणि त्यांना फक्त प्रवेश दिलेला असावा. सशुल्क थीम आणि प्लगइनचे परवाने तुमच्या नावाने घेतलेले हवेत. खास तुमच्यासाठी लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी हस्तांतरित करून घ्या. आपल्या कायद्यात पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं, पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा हक्क लेखी करार नसेल तर साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. सुरक्षा दुरुस्ती जाहीर झाल्यापासून किती तासांत बसवणार, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे आकड्यात आणि नावात लिहिलेलं असावं. काम सोडताना डेटाबेस, फोटो, कोड आणि सगळे पासवर्ड किती दिवसांत देणार, हे कलमही त्याच करारात पहिल्या दिवशीच घाला. सही होण्याआधी हे मागताना कोणालाच अवघड वाटत नाही. बिनसल्यावर मागायची वेळ आली, तर एकेका पासवर्डसाठी महिना जातो.